सुनेचा डबा

ती केस आठवली की एकट्याने जेवताना आजही माझा घास थांबतो.

कुरुंद्याकडच्या, हळदीच्या पट्ट्यातल्या एका गावातून आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, की सून सासऱ्याला जेवणातून विष घालते. सासरा विधुर, मुलगा वारून चार वर्षं झालेली. घरात ही दोनच माणसं, त्यांच्याही दोन चुली; तरी सून रोज त्याच्यासाठी डबा ठेवायची. म्हातारा महिनाभर पोटदुखीने लोळत होता आणि त्याच्या रक्तात शिसं निघालं होतं. मला वाटलं, केस आयतीच हाती आली.

बाईचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा, हा कायदा मला पाठ होता. तरी मी तिला तीन दिवस ठाण्यात बोलावलं. गावादेखत जीपमध्ये बसवलेला माणूस लवकर कबुली देतो, हा माझा अनुभव. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "डबा मी रोज ठेवते साहेब. ते खातेत का न्हाई, मला काय ठाऊक? चार वर्सं झाले, माह्यासंग बोलत न्हाईत."

चौथ्या दिवशी पंचनाम्याला प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ आला. त्याचं यंत्र सुताराच्या ड्रिलएवढं. वस्तूवर कमी ताकदीचे क्ष-किरण सोडले की तिच्यात कोणता धातू आहे ते पडद्यावर उमटतं. डबा, पीठ, तेल, भांडी, कशातच काही नव्हतं. म्हाताऱ्याच्या हळदीच्या बरणीवर यंत्र धरलं आणि शिशाचा आकडा सरसर चढला.

बाजारात आपली हळद उठून दिसावी म्हणून म्हाताऱ्यानेच पॉलिशच्या ड्रममध्ये शिशाचा पिवळा रंग टाकला होता. घरात खायला बिनपॉलिशची हळद ठेवायची आमच्याकडे रीतच आहे. पण ती सुनेने कुटलेली, म्हणून हा हट्टी गडी विकायच्या ढिगातली हळद दुधात घालून पीत होता. तिचा डबा कुत्र्याला जायचा. कुत्रं ठणठणीत होतं, हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं.

"रंगच तर हाय," म्हातारा म्हणाला. मग सुनेच्या थंड चुलीकडे बघू लागला. सून आदल्या संध्याकाळीच माहेरी निघून गेली होती. "साहेब, तुमी नेलं तिला. तुमीच आणून द्या."

मी तिच्या माहेरी गेलो. ती निर्दोष असल्याचं सांगितलं. ती उंबऱ्यातच उभी राहिली. "ते मला ठाऊकच व्हतं," म्हणाली. "आनखी जबाब घ्यायचा असंल तर इथंच घ्या. ठाण्यात मी येणार न्हाई, आन् ह्या जीपमधी बसून सासरीबी न्हाई."

खरं सापडलं की तपास संपला, असं मी नोकरीभर मानत आलो. पण ज्या जीपमधून तिला नेलं, तिच्यातून तिला परत घरी सोडता येईना. मी रिकामी जीप घेऊन म्हाताऱ्याच्या दारात परतलो.