दीड तासावरचा भाऊ

सोफेवाल्या ताईंना एका वाक्याची भयंकर चीड होती. त्यांचा धाकटा भाऊ दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता. घरी कुणी भेटायला आलं की हा फोनवरून ऐकवायचा, "मी काय लांब आहे? विमानानं दीड तास!" पाहुणे कौतुकानं माना डोलवायचे. बाबांचं सगळं आवरून, खाली दुकानात लोकांच्या फाटक्या सोफ्यांना नवं कापड ठोकणाऱ्या ताई मात्र मूग गिळून गप्प बसायच्या. हा दीड तासावरचा भाऊ दोन वर्षांत एकदाही उगवला नव्हता.

एका सकाळी बाबा न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. ताईंनी त्यांना दवाखान्यात नेलं आणि भावाला फोन केला.

"निघालोच! मी येईपर्यंत कशावरही सही करू नकोस."

ताईंनी वाट पाहिली. विमानतळ गाठता गाठताच त्याची सकाळ सरली. मग विमान उशिरा सुटणार म्हणून कळलं, मग ते रद्दच झालं. पुढच्यात जागा नव्हती. इकडे बाबा कण्हत होते आणि डॉक्टर बजावत होते, "आता उशीर नको." दुपारी ताईंनी सही केली. ऑपरेशन नीट पार पडलं.

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी भाऊ पोचला. शर्ट चुरगळलेला, डोळे तांबारलेले. खाटेशी जायच्या आधी तो ताईंवरच डाफरला, "जरा थांबता येत नव्हतं? एवढा मोठा निर्णय परस्पर घेतलास?"

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"परस्पर? बाबांना रोज उठवते-बसवते, ते कुणाला विचारून? तुझं विमान हवेत किती वेळ असतं, ते मला नको सांगूस. तुझ्या दारातून या खाटेपर्यंत यायला तुला अख्खा दिवस नि रात्र लागली. तीही बाप पडल्यावर! आणि आधीची दोन वर्षं रे? तेव्हा कोणतं विमान रद्द झालं होतं?"

"ताई, हळू. लोक ऐकतायत."

"ऐकू देत! आजवर तुझंच ऐकलंय त्यांनी."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी "बरोबर आहे गं बाई," म्हणाली नि कूस वळवून पडली. भावाला तोंड लपवायला जागा उरली नाही.

ताईंनी त्याला पंधरा दिवस हलू दिलं नाही. सोफ्यांची कामं खोळंबली होती, म्हणून ताई दुकानात बसल्या. बाबांना कुशीवर वळवताना भावाला घाम फुटायचा, आणि बाबा त्याच्यावर खेकसायचे. हळूहळू त्याचा हात बसला. "ताई, तू हे रोज करतेस?" असं त्यानं एकदा विचारलंही.

बाबा घरी आले, तशी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. बाबा उशीला टेकून प्रत्येकाला अभिमानानं सांगू लागले, "माझा मुलगा बघा! कळल्याबरोबर विमानानं धावत आला."

ताईंनी ते दारातून ऐकलं. रागानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊ चटकन म्हणाला, "बाबा, सगळं ताईनंच केलं."

"हो, ती तर घरातच असते," बाबा म्हणाले.

त्या दिवशी आल्या-गेल्यांचा चहा भावानं केला. ताई जिना उतरून दुकानात गेल्या, आणि वरून कितीही हाका आल्या तरी दिवे लागेपर्यंत वर आल्या नाहीत.