तेरा किलोची पेटी आणि पंधरा इंचांचा पडदा

काकींनी ताटात दुसरी भाकरी टाकली आणि म्हणाल्या, "लॅपटॉप तूच निवडायचा. मी नई, हे पण नई. तू."

समोर वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, आणि माझी भूकच गेली.

काकी म्हणजे माझ्या मालकीणबाई. बहादरपूरच्या रस्त्याला त्यांचं केळी पॅकिंगचं शेड आहे, आणि तिथं मी ग्रेडर. म्हणजे घडावरून फण्या सुटून पाण्याच्या हौदातून आल्या की कुठली फणी कुठल्या पेटीत जाईल आणि कुठली बाजूला निघेल, ते मी सांगायचं. मी मूळचा करमाळ्याकडचा. आठवीनंतर शाळा सोडली ती सोडलीच. केळी कापणाऱ्या टोळीबरोबर फिरत इथं आलो आणि आल्या आल्या कावीळ झाली. टोळी पुढच्या गावाला निघून गेली. काकींनी मला शेडमागच्या खोलीत ठेवलं, महिनाभर मुगाचं पाणी पाजलं, आणि उठून बसता यायला लागल्यावर म्हणाल्या, "आता कुठं जातो? इथंच राह्य."

राहिलो. सहा वर्षं झाली. ज्या घरानं असं उचलून घेतलं त्या घरात माणूस निर्धास्त राहायला हवा, पण माझं उलटं. मला सतत वाटायचं, एक दिवस यांच्या लक्षात येईल की आपण भलताच माल ठेवून घेतला.

लॅपटॉप एकच घ्यायचा होता आणि वापरणाऱ्या दोघी. काकी त्याच्यावर पॅकिंग लिस्ट करायच्या. जुना लॅपटॉप बंद पडल्यापासून त्या मोबाईलवर एक्सेल उघडून बसायच्या आणि डोळे चोळत उठायच्या. दुसरी त्यांची मुलगी, कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी. वयानं लहान, पण मी तिला ताई म्हणतो आणि ती मला दादा. ताईला गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा असतो. तिचं प्रॅक्टिकल चालू होतं, म्हणून दुकानात काकींबरोबर मी जायचं ठरलं.

"दादा, ग्राफिक्स कार्ड पाहिजेच," ताईनं बजावलं. "आणि रिझोल्यूशन नीट देखून घ्या. त्याच्यात काँप्रमाइज नको हां."

"हो हो, ते तर पाहणारच," मी म्हणालो.

रिझोल्यूशन म्हणजे काय, हे तेव्हाच विचारायचं होतं. पण काका शेजारीच चहा पीत होते आणि म्हणत होते, "अरे त्याले काय सांगते? त्याची नजर वजनकाट्यापेक्षा पक्की आहे." असं कुणी बोललं की मग विचारता येत नाही.

काकांनी दुकानातून आणलेला लॅपटॉपच्या यादीचा कागद घेऊन मी शेडवर बसलो. चार लॅपटॉप, चारही पंधरा इंचांचे. फक्त आकडे वेगळे. १३६६ बाय ७६८. १९२० बाय १०८०. २५६० बाय १४४०. ३८४० बाय २१६०. शेवटचा तर मोबाईल नंबर वाटावा असा. एका रिकाम्या पेटीच्या पुठ्ठ्यावर मी ते मोठ्या अक्षरात लिहिले आणि बघत बसलो. बघता बघता डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

आमची पेटी तेरा किलोची. सगळ्या पेट्या सारख्याच. एका पेटीत चार फण्या बसतात, एकीत पाच, एकीत सहा, एकीत आठ. चार-पाच फण्यांत पेटी भरली म्हणजे केळं जाड, लांब, एक नंबर. आठ फण्या कोंबाव्या लागल्या म्हणजे माल बारका. आकडा मोठा, माल हलका. इतकी वर्षं मी हेच तर करतोय! इथंही पडदा तोच, पंधरा इंचांचा, आणि त्याच्यात ठिपके कोंबलेले. ज्याच्यात कमीत कमी ठिपके तो एक नंबर. म्हणजे १३६६.

आठवीचं दुःख त्या दिवशी माझ्या मनातून पार निघून गेलं. मी काकींना समजावून सांगितलं. त्यांनी पुठ्ठा हातात घेऊन मान हलवली. "हाव, बरोबर आहे. लोकं फसून जात असतील नई का रे, मोठा आकडा पाहून?"

दुसऱ्या दिवशी आम्ही शहरात दुकानात गेलो. दुकानदार तिशीचा, हसरा. मी छाती पुढे काढून १३६६ मागितला, ग्राफिक्स कार्डवाला.

तो आधी माझ्याकडे, मग काकींकडे बघायला लागला. "भैया, गेमिंग के लिए ये कौन लेता है? एक पड़ा है, पुराना रिफर्बिश माल. आपको अच्छा दिखाता हूँ ना."

"वही दिखाओ," मी म्हणालो.

"अरे, सुनो तो."

"हमको मालूम है. आठ फणी का माल हमको मत दिखाओ."

त्याला एक शब्द कळला नाही. काकी मात्र माझ्याकडे अशा कौतुकानं बघत होत्या की मी आणखी ताठ झालो. बिचाऱ्यानं आतून तो लॅपटॉप आणला, पुसला, चालू केला. काकींच्या लिस्टसारखी एक लिस्ट उघडली. अक्षरं ठळक, मोठी. काकी म्हणाल्या, "मले तर बिनचष्म्याचं दिसून राहिलं!" आणि त्यांनी पर्स मांडीवर घेऊन उघडली.

तिथंच थांबलो असतो तर काम झालं होतं. पण ग्रेडरची खोड. पेटी बंद होण्याआधी वरची फणी उचलून खाली बघितल्याशिवाय माझा हात थांबत नाही. मी म्हटलं, यात माझा एक फोटो लावा. मोबाईलमध्ये आदल्या दिवशीचा फोटो होता. उघडी पेटी, आणि डाव्या कोपऱ्यातली एक फणी मी परत काढायला लावली होती, कारण तिच्या सालीवर टाचणीच्या टोकाएवढे तांबूस डाग होते. ते डाग शेडवाल्यांना दाखवायलाच तो फोटो काढला होता.

दुकानदारानं वायर लावून फोटो पडदाभर उघडला. पेटी छान दिसत होती. डावा कोपरा बघितला. फणी होती. डाग नव्हते.

मी जवळ गेलो, लांब आलो. केळ्यांच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या झालेल्या, आणि साल अशी गुळगुळीत की मीच ती फणी पास केली असती.

"दुसऱ्यावर लावा," मी म्हणालो.

१९२० वर लावला. डाग आले. एक, दोन, पाच, सगळे. २५६० वर, ३८४० वर तर सालीवरची धूळसुद्धा दिसायला लागली.

काकींचा हात पर्समध्येच होता. गप्प राहिलो असतो तर त्यांना काही कळणार नव्हतं. ताईला मात्र संध्याकाळीच कळलं असतं, आणि मग शेडवर ती गोष्ट वर्षभर चालली असती. पण खरी भीती ती नव्हती. मी आत्ता बोललो की काकींना कळणार होतं, याला काही येत नाही, हा नुसता मान डोलावतो.

"काकी, थांबा. चुकलं माझं," मी म्हणालो. "मी उलटं धरलं होतं. आणि मला रिझोल्यूशन म्हणजे काय ते माहीतच नाही. कालही नव्हतं."

काकींनी पर्स मिटली. माझ्याकडे बघितलं. आणि मग पोट धरून हसायला लागल्या. "मंग विचार ना त्याले! तो काय खाणार आहे तुले?"

विचारलं. त्या भल्या माणसानं स्टूल ओढून दिलं आणि समजावलं. ठिपके जास्त म्हणजे चित्र बारकाव्याचं, पण अक्षरं बारीक. त्यानं ३८४० वर लिस्ट उघडून अक्षरं मोठी दाखवायचं सेटिंग बंद केलं, तर काकी म्हणाल्या, "ही काय खसखस सांडली?" त्यानं एक बटण दाबून अक्षरं परत मोठी केली. म्हणजे तो काही अडथळा नव्हता. मग त्यानं ताईचा शर्यतीचा गेम लावला. १९२० वर गाडी सरसर पळाली. तेवढंच कार्ड असलेल्या ३८४० वर पळायची, अडखळायची, पळायची.

"हर ठिपका कार्ड को भरना पड़ता है, सेकंड में साठ बार," तो म्हणाला. 'ठिपका' हा शब्द त्यानं खास माझ्यासाठी घेतला.

हे मात्र मला लगेच कळलं. हौदावर धुणारी माणसं चार, आणि एकदम दुपटी-चौपटीनं फण्या आल्या तर लाइन तुंबणारच. धुणारी वाढवा, नाहीतर फण्या कमी आणा. २५६० मधला होता, पण त्या कार्डावर तोही मध्येच दम खात होता.

"१९२०," मी म्हणालो. "डाग दिसतात, आणि लाइन तुंबत नाही."

"पक्कं?" काकींनी विचारलं.

"पक्कं. या वेळी विचारून सांगतोय."

घरी ताईनं खोका उघडून आकडा बघितला आणि म्हणाली, "अरे वा दादा, एकदम सही! कुठला आकडा घ्यावा यावर माझ्या मैत्रिणी उगीच दोन दिवस भांडत होत्या." मी काकींकडे बघितलं. वाटलं, आता सांगतील. त्यांनी सगळं सांगितलं, आठ फण्यांच्या मालासकट, दुकानदाराची नक्कल करून. काका हसता हसता ठसकले. मीही हसलो. अंगावरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं, कारण सगळ्यांना सगळं कळलं होतं आणि काकी तरीही विचारत होत्या, "भाकरी कळण्याची टाकू का ज्वारीची?"

आता सकाळी काकी अक्षरं सव्वापट करून लिस्ट भरतात आणि संध्याकाळी ताईची गाडी पळते. भांडण एकच. लॅपटॉप उघडला की पडद्यावर काकींनी लावून घेतलेला माझा तो पेटीचा फोटो येतो, आणि ताईला तिथं लाल रंगाची गाडी लावायची आहे.

"मम्मी, सडकी केळी कोण लावतं वॉलपेपरला?"

"सडकी नई, डागवाली," काकी म्हणतात. "राहू दे. त्यानं निवडलं आहे."