टिलव्यांचा पत्ता

"टिट्-टिट्-टिट्..." प्रकाशा गावच्या शाळेत आम्ही कविता घोकायचो, तेव्हा खिडकीतून तापीकाठच्या टिलव्यांचा हा आवाज यायचा. आमच्यापेक्षा त्यांचाच सूर बरा होता.

मित्रहो, हा पक्षी जेमतेम चिमणीएवढा. पार उत्तर ध्रुवाकडे, उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही तिथे जन्मतो आणि हिवाळ्यात आपल्या चिखलातले किडे टिपायला येतो. परवा थवा दिसला. हरखून मी इथे फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "जुन्या पंपाखालचा चिखल, सकाळी सात."

आज सातला पुन्हा गेलो. चिखलात नायलॉनच्या फासांची रांग होती. थवा नव्हता. एकच टिलवा पायाने अडकून पंख मारत होता. मी फास सोडवायला गेलो, तर पाय तुटून फासातच राहिला. तो उडाला, उतरू लागला आणि तोंडावर आपटला.

सांगा, पत्ता लिहायला नको होता ना मी?

एवढं लिहिलं आणि दार वाजलं. शेजारचा सुकदेव. माझ्या पोस्टला पहिला लाइक कायम त्याचा. हातात गरम रस्स्याची झाकलेली वाटी.

"आबा, जागा तुम्हीच दखाडी ना? दखाडनाराना वाटा राहस. ल्या."