कच्चा माल

डबलताईचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिलाही त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. मोटरसायकलच्या सीटची कव्हरं शिवणं हा तिचा धंदा. नवऱ्याच्या गॅरेजच्या मागच्या खोलीत, रेक्झिनच्या गुंडाळ्यांमध्ये अंग चोरून ती मशीनवर बसायची आणि प्रत्येक शिवणीवरून दुसऱ्यांदा टाका घालायची. म्हणून डबलताई.

“ताई, एका टाक्यात भागेल की,” गिऱ्हाईक घाई करायचं.

“तुमचं भागेल. माझ्या हाताचा मला भरवसा नाही,” ती म्हणायची आणि कव्हर पुन्हा सुईखाली सरकवायची.

लोक याला विनय म्हणायचे. विनय कसला डोंबलाचा! भीती होती ती, आणि तिला कारण होतं.

लग्नाआधी ती माहेरच्या परसात सिमेंटची माणसं करायची. तिचा दादा गवंडी. त्याच्या कामावरून उरलेली सळई, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणि अर्धंमुर्धं पोतं सिमेंट, एवढ्यावर तिचा कारखाना चालायचा. देव नाहीत, राजे नाहीत, घोडे तर नाहीतच. पायातला काटा काढणारी मावशी, शिंक येऊ घातलेला पोस्टमन, एकमेकींच्या कानाला लागलेल्या दोन शेजारणी. सगळी पुऱ्या मापाची. केस करायला दात पडलेला एक कंगवा होता. ओल्या सिमेंटवरून तो फिरवला की मधेच एक रुंद पट्टा कोरा राहायचा, त्यामुळे तिच्या सगळ्या माणसांना जन्मजातच वाकडा भांग.

लग्न झालं मेकॅनिकशी. माणूस गमत्या, हाताचा हुशार, बायकोवर जीव असलेला. पण बायको माहेरी गेली की परतायचं नाव घेत नसे. एकदा तो न्यायला आला तर तिनं त्यालाच उन्हात उभा करून त्याची मूर्ती केली. बनियन काढताना डोकं आत अडकलंय, दोन्ही हात वर, पोट उघडं.

“आणि माझं तोंड कुठाय?”

“बनियनमध्ये. तिथंच बरं दिसतं.”

तो हसला होता. पण घरी गेल्यावर आठवडाभर धुसफुसत होता.

मुलगी रांगायला लागली त्या वर्षी मोठं वादळ झालं. मेकॅनिक एकटाच सासुरवाडीची खबर घ्यायला गेला. आल्यावर हातपाय धुतले, डावा कान ओढत म्हणाला, “परसातली भिंत पडली. तुझी माणसं फुटली गं सगळी.”

“सगळी? भिंतीखाली सगळी कशी येतील?”

“भिंतीनं कुठली! हात लावला की भुगा होत होता. माल कच्चा होता तुझा, वाळू जास्त पडली. मी स्वतः खराट्यानं गोळा केलं.”

पुढं दादा भेटला तेव्हा तिनं विचारलं. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, “हो. कच्चाच होता माल.”

गवंड्यानंच सांगितल्यावर विषय संपला. तिनं थापी पुन्हा हातात धरली नाही. बरं, नुसती थापी सुटली असती तर एक वेळ ठीक. पण तिचा अंदाजावरचा विश्वासच उडाला. चहात साखर घातली तरी मुलीला म्हणायची, “चाखून बघ गं, प्रमाण बरोबर आहे का.” सीटचा धंदा नवऱ्यानंच काढून दिला, आणि ती टाक्यावर टाका घालत म्हातारी झाली.

दादा वारला. मुलीचं लग्न झालं, जावयानं गॅरेज सांभाळायला घेतलं, आणि मेकॅनिकच्या डोक्यातलं जुनं खूळ उफाळून आलं. समुद्रापासून थेट बर्फाच्या डोंगरापर्यंत मोटरसायकलवर जायचं, दोघांनी.

“बाबा, हे काय वय आहे? आईची कंबर?” मुलगी फोनवर ओरडली.

“आईची कंबर आईला विचार,” डबलताईनं फोन हिसकावून घेतला. “ती म्हणतेय जाऊ या.”

ते दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे कबूल करायलाच हवं. रस्त्याच्या कडेला टाकी उघडून पेट्रोल किती उरलं ते बघणं, चुकीच्या वळणावरून भांडणं, लॉजच्या न्हाणीत सॉक्स धुऊन हँडलवर वाळत घालणं. दुपारी तिला डुलकी लागायची तेव्हा ती कपाळ त्याच्या पाठीला टेकवायची आणि तो वेग कमी करायचा. आपण पडणार नाही, याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नसायची.

मग एका नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद निघाला. पोलिसानं डावीकडचा टेकड्यांचा रस्ता दाखवला. मेकॅनिकचं तोंड उतरलं. “मागं फिरू, वरच्या अंगानं जाऊ,” तो म्हणाला.

“वरच्या अंगानं म्हणजे आख्खा दिवस जादा! तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?”

त्यानं कुरकुरत गाडी डावीकडं वळवली. तिला वाटलं, ऊन लागलं.

चहाच्या टपरीवर त्या रस्त्याची सगळी ख्याती कळली. “माणसांची बाग बघितली नाही?” टपरीवाला म्हणाला. “मग या आडमार्गाला येऊन केलंत काय? लोक लांबून लांबून येतात. पुतळे आहेत, पण असले पुतळे तुम्ही जन्मात पाहिले नसतील. एक तर शिंकतोय बघा.”

“पुतळा शिंकतोय?” डबलताई हसली. “आमच्याकडंही होता एक. अहो, ऐकलंत का? जाऊ या.”

“सिमेंटचे ठोकळे काय बघायचेत? इंजिन तापलंय.”

ते सिमेंटचे आहेत हे टपरीवाल्यानं सांगितलंच नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. माणसाचा भरवसा असला की कान असे अर्धेच उघडे असतात.

फाटकापाशी तो म्हणाला, “तू ये बघून. मी गाडीपाशी थांबतो.” ती एकटीच आत गेली.

बागेत तिकीट नव्हतं, दोरखंड नव्हते, चौथरे नव्हते. माणसं अशीच झाडांत बसवली होती. वळणावर दोन शेजारणी कुजबुजत होत्या, इतक्या खऱ्या की शेजारून जाताना आवाज खाली करावा. अंगावर शेवाळ चढलं होतं, एकीच्या कोपरात चिमणीनं काड्या कोंबल्या होत्या. डबलताई त्यांच्याकडे कौतुकानं बघत राहिली. आधी आवडल्या, मग हेवा वाटला. मग तिनं अलीकडच्या शेजारणीच्या डोक्यावरचं शेवाळ अंगठ्यानं बाजूला केलं, आणि खाली तो रुंद कोरा पट्टा निघाला. वाकडा भांग.

ती धावलीच. या वयात, त्या बुटांत. काट्यावाली मावशी जांभळीखाली होती. पोस्टमन हौदाच्या कडेला, नाक वर करून. आणि बागेच्या शेवटच्या पायरीवर तिचा नवरा, डोकं बनियनमध्ये, हात वर. भेगसुद्धा नव्हती कुठं. तिनं मुठीनं त्याच्या पोटावर ठोकून पाहिलं. खणखणीत वाजलं.

पायथ्याशी एक पाटी होती, ‘ही माणसं घडवणाऱ्या दिवंगत अनामिकेस’.

ती पाटी दोनदा वाचेपर्यंत काठी टेकत बागेची मालकीण आली. “रडू आलं ना? सगळ्यांना येतं इथं.”

“ही कुठून आणली तुम्ही?”

“यजमानांना नाद होता असल्या गोष्टींचा. तेव्हा इथं नुसता खडक. एक मेकॅनिक ट्रक भरून घेऊन आला. म्हणाला, फोडायचा धीर होत नाही, ठेवून घ्या. आमचा बंद पडलेला पंपसुद्धा चालू करून दिला हो बिचाऱ्यानं.”

“आणि करणारी?”

“यजमानांनी विचारलं ना! म्हणाले, तिला घेऊन या, सगळा खडक देतो तिला, मांडू दे तिची माणसं. तर तो म्हणाला, ती गेली. कान ओढत उभा होता नुसता. फार दुःख झालं असावं. आम्ही पुन्हा विचारलं नाही.”

डबलताई फाटकाकडे निघाली. मालकीण तिच्या मागोमाग. मेकॅनिक गाडीची साखळी बघत बसला होता. मालकीण थबकली. “अगं बाई! तुम्हीच ना ते? तेव्हा मिश्या काळ्या होत्या!”

मेकॅनिक उठला. बायकोकडे बघितलं, मग मालकिणीकडे. डबलताई वाट बघत होती. खरं सांगते, त्या घटकेला त्यानं नुसतं ‘हो, आणि ही बघा ती’ एवढं म्हटलं असतं, तरी तिनं त्याला पुष्कळसं माफ केलं असतं.

तो म्हणाला, “मी? मी पहिल्यांदाच येतोय या बाजूला.” आणि डावा कान ओढला.

“बाई, ती मीच,” डबलताई मालकिणीला म्हणाली. “जिला तुम्ही दिवंगत केलंय ती.”

“थट्टा करायची सवय आहे तिला,” मेकॅनिक घाईनं म्हणाला. “उन्हातून आलोय ना.”

मालकीण बिचारी या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिला काहीतरी उमगलं असावं. “मी पाणी आणते,” म्हणून ती घराकडे गेली.

“तू म्हणालास मी मेले?”

लग्न झाल्यापासून तिनं त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. तो तेवढ्यानंच दचकला.

“मेली नाही म्हटलं. गेली म्हटलं. गेली म्हणजे… सासरी गेली. त्यांनी काय समजायचं ते समजले.”

“आणि तू समजू दिलंस.”

“पोर रांगत होती. तू तिकडं महिनामहिना सिमेंटमध्ये. दादालाही परस मोकळं हवं होतं. त्यालाच म्हटलं मी, एवढं माझ्यासाठी खोटं बोल. मी काय करायला हवं होतं?”

“भांडायचं होतंस! घरी ये म्हणून केस धरून भांडायचं होतंस. मी आले असते किंवा नसते आले.”

“मूर्ती फोडल्या तर नाहीत ना? ट्रक मागून आणला, गवतात गुंडाळून, एकेक… इतकी चांगली जागा शोधली…” त्याचा आवाज चढला. त्याला खरोखरच वाटत होतं की हिशेबात काही त्याच्याही बाजूला जमा व्हावं.

“माणसं नेलीस, ने. सगळा खडक देतो म्हणाला तो माणूस, तेही मरू दे. पण माल कच्चा म्हणालास!” आता ती ओरडत होती, आणि झाडांवरचे पक्षी उडाले. “साखरेच्या चमच्याला भीत आले मी. शिवलेलं पुन्हा शिवत आले. तुझ्या डोळ्यांदेखत. आणि तू रोज मागच्या खोलीत यायचास, चहा ठेवायचास, आणि म्हणायचास, ‘कर बाई डबल, तुझं समाधान होऊ दे.’ प्रमाण बरोबर होतं माझं! एका सिमेंटला चार वाळू! मी मापून घालत होते!”

त्यानं गाडीचं हँडल धरलं. तो म्हणाला, “उजेड आहे तोवर निघू. पुढं घाट आहे.”

“तू जा. कुणी विचारलं तर सांग, गेली. तुला सवय आहे.”

तो फाटकापाशी बराच वेळ बसून राहिला. मग खरंच गेला, कारण तिनं एकदाही वळून बघितलं नाही. डोंगरापर्यंत नाही, माघारी घरी.

ती मालकिणीच्या पडवीत राहिली. मालकीण शहाणी होती. पुरावा मागितला नाही, फक्त म्हणाली, “पाटीवर नाव काय घालू?” डबलताईला चटकन सांगता आलं नाही. शेवटी ‘दिवंगत’ तेवढं खरवडून काढा म्हणाली. तिनं तिथल्या एका गवंड्याकडून सिमेंट मागवलं, जाळी वाकवली आणि मालकिणीलाच काठीसकट उभी केली. पण बोटं आखडलेली, दम पुरेना. खांदे जमले, चेहरा नाही. तो ठोकळा अजून तिथं आहे. माल पक्का आहे, माणूस कच्चा. माझ्या मते तिचं खरं नुकसान तेच. मूर्ती परत मिळाल्या, मधली वर्षं नाहीत.

मुलगी न्यायला आली तेव्हा ती बसनं घरी परतली. मुलीला वाटत होतं, आई आता वेगळी राहील. तसं काही झालं नाही. या वयात एक चूल मोडून दोन मांडायला अंगात जोर लागतो. ती त्याच घरात राहते, त्याच्याशी पुन्हा ‘अहो’ म्हणून बोलते, त्याचा चष्मा शोधून देते. तोही गयावया करून झाला, रडून झाला, दादाच्या माथी मारूनही झालं. सीटला ती आता एकच टाका घालते.

पण तो बाहेरून आला आणि म्हणाला, “पाऊस पडतोय गं,” की ती हातातलं काम खाली ठेवते, खिडकीपाशी जाते, आणि हात बाहेर काढून बघते.