टेम्पोतून आणलेली पूररेषा

"दगडाच्या वर हाय म्या, चांगला दोन हात वर! आता काय ढगात बांधू व्हय?" नव्या जोत्यावर उभे राहून चुलते असे ओरडत होते, की खालच्या ओढ्यातले खेकडे बिळं सोडून पळाले असतील.

मी एवढंच म्हणालो होतो, की घर जरा वर घ्या.

तो दगड म्हणजे आमचा देव. गुंजवणी नदीकाठच्या जुन्या गावात पूर आला, की पाणी जिथवर चढलं तिथवर हा शेंदऱ्या दगड सरकवायची रीत होती. पाणी ओसरलं तरी तो खाली येत नसे. खापरपणजोबांच्याही आधीपासून सरकत तो एवढा वर गेला होता, की अजून दोन पिढ्यांत राजगड चढला असता. त्याच्या खालच्या अंगाला कुणी गोठासुद्धा बांधला नाही.

धरणामुळे गाव उठलं. आम्ही भोंगवलीकडच्या माळावर आलो, देवही आणला. टेम्पो ओढ्याकाठी असा रुतला, की हत्ती लावले तरी हलला नसता. मग दगड तिथंच उतरवला, नारळ फोडला, झाली स्थापना.

पुढं चार पावसाळे ओढ्यात चिमणीची चोच बुडेना. दगड कोरडाच. चुलत्यांनी त्याच्या जरा वर जोतं घातलं तेव्हा मी म्हटलं, याला जुनी नदी ठाऊक, हा ओढा नाही. इथं त्याचं वय चार वर्षं, अजून दुधाचे दात आहेत. ते म्हणाले, देव टेम्पोत बसला म्हणून अडाणी होतो काय? जुन्या घराचे वासे, दारं, होतं नव्हतं ते सगळं त्यांनी या घरात घातलं. दुसरं उभं करायला काही उरलं नाही.

पाचव्या पावसाळ्यात एका दुपारी गुरं ओढ्याकडं उतरेनात. पाण्याची खळखळ थांबली आणि जमिनीखालून गाडं चालल्यासारखी घरघर सुरू झाली. चुलते-चुलती नेसत्या कपड्यांनिशी आमच्याकडं वर आले. दगड दिसेनासा झाला. मग जोतं. मग खिडक्या. संध्याकाळपर्यंत दारं पाण्यावरून भोरच्या एसटीपेक्षा जोरात गेली.

माळावरच्या ज्या मूळ गावाच्या जमिनी आमच्या वाट्याला आल्या, त्या गावाशी आमचं बोलणं नव्हतं. पाणी ओसरल्यावर चुलते पहिल्यांदा तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांपाशी गेले. पूर्वी कधी एवढं पाणी आलं होतं का, असं त्यांनी हळूच विचारलं.

बाबांनी घराच्या जागेकडं पाहिलं.

"येतंय की अधनंमधनं. तुमी कुठं इचारलंत."