खारं गवत

काडी दातांखाली धरायची, डोळे मिटून चघळायची, थुंकायची आणि म्हणायचं, "गोडं हाय. घ्या आत." रोह्याच्या आमच्या लहानशा कारखान्याच्या गेटवर कामाला असलेले काका गवताच्या प्रत्येक टेम्पोपाशी हे करायचे. गोडं म्हणजे बिनखाराचं, एवढंच.

आम्ही गवत शिजवून त्यातली साखर काढायचो आणि ती टाकीत आंबवायचो. उरलेल्या चोथ्याचे पुठ्ठे व्हायचे. काकांना याचं भारी हसू यायचं. "मॅडम, आमची म्हैस ह्याच गवताचं दूध करते. तिला शिफ्ट नाय लागत." तुम्हीही हसला असतात. पण कामात त्यांची थट्टा नसायची. खाडीकाठच्या गवतात मीठ असतं आणि मिठाने टाकीतलं विरजण मरतं, हे त्यांना एकदाच सांगावं लागलं. आधी काकांची जीभ, मग माझी लॅबमधली तपासणी, मग माल आत घ्यायच्या चिठ्ठीवर माझी सही, असा नियम होता. त्यांची जीभ इतकी पक्की की पुढेपुढे मी न तपासताच सही ठोकू लागले.

माझ्या दुसऱ्याच वर्षी पेणकडे खाडीचा बांध फुटला. भरतीचं पाणी शेतांत शिरलं, भात गेलं, गवत तेवढं उभं राहिलं. काकांची विधवा बहीण तेच कापून टेम्पो भरून घेऊन आली. काकांनी काडी चावली. त्या दिवशी ते थुंकले नाहीत, गिळून टाकली. "घ्या आत," इतकंच म्हणाले. मला ते खटकलं होतं. तरी मी सही केली.

अख्खी टाकी नासली. साहेबांनी सगळ्यांना उभं केलं, तेव्हा काका स्वतःहून पुढे झाले. "चूक माझी हाय. बहिनीकडं बघून खोटं बोललो." चिठ्ठी माझ्या फाईलमध्ये होती. ती कोणी मागितली नाही आणि मी काढली नाही. याची मला अजून लाज वाटते. काका जेवणाचा डबा उचलून त्याच दुपारी काम सोडून गडबला, आपल्या गावी, निघून गेले.

त्यांच्या घरी जायचा धीर व्हायला मला दोन वर्षं लागली. तोवर काका वारले होते. ओटीवर बहीण वाल सोलत बसली होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "मावशी, गवत मी तपासलंच नव्हतं. सही माझी होती."

तिचे हात थांबले नाहीत.

"म्हाईत हाय गो. त्यानंच सांगलं व्हतं. म्हनला, पोर नवी हाय, तिचं नाव कुठं घेऊ नको."