ताईला विचारलेला पाचवा प्रश्न

माझ्या सादरीकरणातली तीन नंबरची बाई माझी सख्खी बहीण आहे. हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी नोकरी गेली. ठाण्यातल्या एका कंपनीत मी एकवीस वर्षं सॉफ्टवेअर तपासत होतो. दुसऱ्यांनी बनवायचं, मी चुका काढायच्या. मग त्या कामाला माणसं कमी लागायला लागली. आठ महिने ठाकुर्लीच्या घरात बसून काढले. खालचा वॉचमन सुरुवातीला ‘आज सुट्टी का साहेब?’ म्हणायचा, नंतर त्याने विचारणं सोडलं. ते जास्त लागलं.

शेवटी प्रॉडक्ट मॅनेजरचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स घेतला. काय बनवायचं आणि कोणासाठी, हे ठरवण्याचं काम. वर्गात बाकी सगळे पंचविशीतले. शिकवणारी मुलगी मला एकेरी नावाने हाक मारायची. मी बेडरूमचं दार लावून घ्यायचो, ती हाक बायकोच्या कानावर जाऊ नये म्हणून. शेवटच्या आठवड्यात लोकांच्या एखाद्या अडचणीवर बोलायचं होतं आणि ऐकायला कंपन्यांची माणसं येणार होती. आवडलं तर बोलावतील. यातून नाही झालं तर कुठेतरी गेटवर उभा राहीन, असं मी बायकोला म्हणालो. ती पोळ्या लाटत राहिली.

मी विषय घेतला टँकरच्या पाण्याचा. ठाण्याजवळच्या दिव्यात दोन बायकांशी बोललो, पण त्यांनी दोन-दोन वाक्यांत मला वाटेला लावलं. तारीख जवळ आलेली. मग ताईकडे गेलो.

ताई दिव्यातच राहते, चौथ्या मजल्यावर, एकटी. भावोजींना जाऊन तेव्हा तीन वर्षं झालेली. मी वर्षातून दोनदा जायचो, राखीला आणि भाऊबीजेला. असा मधल्याच दिवशी दारात दिसलो तर ती घाबरली. सगळं बरं आहे ना रे घरी, म्हणाली. अभ्यासाचे प्रश्न आहेत म्हटल्यावर हसायला लागली.

“या वयात परीक्षा? थांब, चहा टाकते. नापास झालास तर माझ्यावर ढकलू नकोस.”

मी फोन टेबलावर ठेवला, रेकॉर्ड होईल म्हणून सांगितलं. तिने फोटो काढायचा असल्यासारखा पदर सारखा केला.

कोर्समध्ये एक रीत शिकवलेली. समोरचा काही बोलला की ‘का?’ विचारायचं. असं पाच वेळा. मध्ये सल्ला द्यायचा नाही, हळवं व्हायचं नाही. खरं कारण पाचव्या उत्तरात सापडतं.

घरभर ड्रम का, विचारलं. नळाचा भरवसा नाही म्हणाली. सकाळपासून अडकून का बसतेस? टँकरवाला ‘निघालोय’ म्हणतो आणि तीन तासांनी येतो. शेजारणीला का नाही सांगत? जी हजर तिचाच नंबर लागतो. मी चौथ्यांदा विचारलं, एक दिवस नंबर चुकला तर एवढं का घाबरायचं?

ती कपाकडे बघत बोलायला लागली. भावोजी अंथरुणाला खिळलेले, दिवसातून तीनदा चादरी धुवाव्या लागायच्या. ते गेले त्या सकाळी ती खाली रांगेत होती. वरून त्यांची हाक तिला ऐकू आलेली. तिच्या पुढे दोघीच होत्या. ती कॅन भरून वर आली तेव्हा सगळं संपलेलं. झोपेत गेले, असं तिने आम्हा सगळ्यांना सांगितलेलं.

माझी बहीण माझ्यासमोर रडत होती. फोन बंद करायला हवा होता. तिचा हात धरायला हवा होता. पण माझा एक प्रश्न शिल्लक होता.

“मग तू वर का नाही गेलीस?”

तिने माझ्याकडे पाहिलं.

“माझा नंबर गेला असता ना रे.”

निघताना तिने लोणच्याची बरणी पिशवीत घातली. म्हणाली, हलकं वाटलं बघ, तीन वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.

मी स्लाइडवर लिहिलं : ‘तीन नंबर. वय त्रेपन्न. दिवा.’ खाली तिचं ते वाक्य, मोठ्या अक्षरांत. आणि मी तिचा आवाजही ऐकवला. शिकवणारी मुलगी म्हणाली, हे सोनं आहे. पंधरा दिवसांनी बाळकुमच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. तिथे मी सोसायट्यांच्या पार्किंगचं अ‍ॅप बघतो. पाण्यासाठी कोणीच काही बनवलं नाही, मीही नाही.

भाऊबीजेला ओवाळता ओवाळता ताईने हळूच विचारलं, “मी ते बोलले ना त्या दिवशी, ते लिहिलं नाहीस ना कुठे?”

“नाही गं,” मी म्हणालो. तिने ओवाळणं पुरं केलं.

तो आवाज अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी ते लिहिलं, परक्या लोकांना ऐकवलं आणि त्यावर नोकरी मिळवली, हे ताईला सांगायचं देणं माझ्यावर आहे. आणि त्या सकाळी जे झालं त्यात तुझी चूक नव्हती, हे तिला तेव्हाच म्हणायला हवं होतं. तेही अजून राहिलं आहे.